रक्ताला विचारलेला प्रश्न

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, मला पाहून कुणाला जरा टेकावेसे वाटले, असे माझ्या उभ्या आयुष्यात घडलेले नाही. माझ्याकडे येणारा माणूस आधी दारात थबकतो, मग घड्याळाकडे बघतो, मग मोरी कुठे आहे ते विचारतो, आणि सगळे बहाणे संपले की अगदी कडेला अंग चोरून बसतो. मी रक्त काढायच्या खोलीतली खुर्ची होते. सध्या मी सामानाच्या खोलीत एका फुटक्या बेसिनला टेकून उभी आहे. इथे माझ्याशी कुणी बोलत नाही, तेव्हा तुम्हीच ऐका.

मला दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये एका सुताराने घडवले. मोठा खटपट्या माणूस. इतर खुर्च्यांना हात असतात ते शोभेला, माझे हात म्हणजे माझे खरे काम, हे त्याने ओळखले होते. त्याने फळ्या रुंद घेतल्या. स्वतःचा हात उताणा ठेवून तो पुन्हा पुन्हा बघायचा, आणि कोपर अवघडले की उठून रंधा मारायचा. त्याची बायको जेवायला बोलवायला आली, तर तिलाही बसवून तिचा हात ठेवून पाहिला. ती म्हणाली, "घरातल्या खुर्चीचा पाय कधीचा मोडलाय, त्याचं काय?" त्यावर तो मुकाट्याने खिळे वेचू लागला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मग माझ्यावर हिरवे रेक्झिन चढले आणि मी कामावर रुजू झाले.

खोली लहान होती. एक खिडकी, एक नळ, नळ्या ठेवायचा रॅक आणि वापरलेल्या सुया टाकायचा डबा. शेजारी डॉक्टरांची खोली. दोन्हींच्या मध्ये लाकडी आडोसा होता, पण तो छतापर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे तिकडचे बोलणे इकडे सरळ ऐकू येई. मी मुद्दाम ऐकत नसे. पण कान झाकायला मला हात दोनच, आणि त्यांवर सतत कुणाचे तरी हात.

रक्त काढणाऱ्या बाईंना सगळे नुसते 'बाई' म्हणत. त्यांची हातोटी बोलण्यात होती. "आज स्वयंपाक कुणी केला?" असे त्या विचारत, आणि माणूस उत्तर देईपर्यंत नळी भरलेली असे. एकदा पोती उचलणारा धिप्पाड हमाल सुई पाहूनच माझ्यावर आडवा झाला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं ना." बाई म्हणाल्या, "हो, मिशीला लागलंय ते दिसतंय." एका लहान मुलीने तर माझ्या हातालाच चावा घेतला होता. एकदा पाहणीला आलेले साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खुर्ची मजबूत आहे हं." ते स्वतः मात्र बसले नाहीत.

असे हसतखेळत चालले होते हे खरे, पण आठवड्यातला एक दिवस वेगळा असे. त्या दिवशी एचआयव्ही असलेले लोक तपासणीला येत. त्यांच्यात काही जण नशेची सुई घेणारे, काही ती सोडलेले, काही नुसतेच सोडतो सोडतो म्हणणारे. बाहेरच्या बाकावर बसलेली इतर माणसे त्यांना पाहून थोडी सरकत. मला त्या सरकण्याचा फार राग येई. माझ्या फळीवर सगळ्यांचा हात सारखाच पडतो, आणि सुई टोचली की सगळे सारखेच डोळे मिटतात.

या लोकांच्या शिरा सुईने सुईने पार सुकून गेलेल्या असत. दिसत नसत, सापडत नसत, सापडल्या तरी फुटत. म्हणून बाईंनी एक रीत पाडली होती. इतर कुणाला त्या विचारत नसत, पण यांना विचारत, "आज कुठली शीर चालू आहे?" आणि तो दाखवेल तिथेच बघत. दुसऱ्या पाळीची मदतनीस एकदा कुरकुरली, "यांना काय विचारायचं?" बाई म्हणाल्या, "घर त्यांचं आहे. वाट त्यांनाच ठाऊक असणार."

तिथेच मला वायरमन भेटला. खरे नाव कागदावर होते, पण तो सगळ्यांचा वायरमन. लोकांच्या घरांतले दिवे आणि पंखे दुरुस्त करायचा. बाईंनी शीर विचारली की म्हणायचा, "ही लाईन जळाली, बाई. मागच्या बाजूनं या, तिथं थोडा करंट आहे." त्याने सुई सोडली होती. थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, राहत होता. ताई घरीच शिवणकाम करायची आणि तिला एक लहान मुलगी होती. याआधी दोन वेळा त्याने ताईला शब्द दिला होता, दोन्ही वेळा मोडला होता, आणि दोन्ही वेळा तीच त्याला शोधून घरी घेऊन आली होती. ही तिसरी खेप होती. ताईने सांगून ठेवले होते, की घरात लेकरू आहे, पुन्हा सुई घेतलीस तर त्याच दिवशी दार बंद.

रक्त काढून झाले की तो भाचीच्या गोष्टी सांगत बसायचा. संध्याकाळी दिवा लावायचा मान तिने मामाला दिला होता. मामा यायच्या आधी दुसऱ्या कुणी बटण दाबले तर ती ते बंद करून ठेवायची. हे सांगताना त्याचा हात माझ्या फळीवर अगदी सैल पडलेला असे.

मग एकदा तो ताईला बरोबर घेऊन आला. बसला तसे मला जाणवले, की याच्या अंगातले वजन गेले आहे. ओठ पांढरे, हिरड्यांतून रक्त, दंडावर न पडताच उमटलेले काळेनिळे डाग. ताई माझ्या मागे उभी होती. दुधाने तोंड पोळलेली ती, आता ताकही फुंकून पिणार, यात तिचे काय चुकले?

"नाकातून रक्त येतं, दिवसभर झोपून असतोस, घास जात नाही," ताई म्हणाली. "मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं की नाही?"

"झालं होतं. पण या वेळी मी काही घेतलेलं नाही, ताई."

"हेही तू मागच्या वेळी म्हणाला होतास."

यावर वायरमन चिडला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. "मग बरं झालं ना, रक्तच तपासतायत. मी खोटं बोलेन, पण माझं रक्त बोलणार नाही. ते काय सांगतं ते ऐक, मग तर झालं?"

"ऐकते," ताई म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"अहो, हे नुसतं मोजणीचं रक्त आहे," बाई मध्येच म्हणाल्या. "यात तसलं काही कळत नाही." पण बहीणभावाच्या भांडणात तिसऱ्याचे कोण ऐकतो? दोघांचाही रक्तावर भरवसा बसला होता. बाईंनी नळी भरली आणि कापूस दाबून धरायला दिला. इतरांचे रक्त लगेच थांबते. याचा कापूस भिजला, दुसरा दिला, तोही भिजला, आणि एक ओघळ माझ्या रेक्झिनवर आला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने ती जागा दाबून धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

मित्रांनो, रक्तात तीन तऱ्हेच्या पेशी असतात. लाल पेशी श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतात. पांढऱ्या पेशी रोगांपासून राखण करतात. आणि तिसऱ्या अगदी लहान चपट्या पेशी, त्या जखमेचे भोक बुजवतात. वायरमनच्या रक्तात तिन्ही कमी निघाल्या. यंत्रातून जो कागद आला त्यावर जवळपास प्रत्येक ओळीपुढे खाली तोंड केलेला बाण होता. बाई तो डॉक्टरांकडे पाठवणार, इतक्यात ताईने तो हातातून घेतला. तिला आकडे कळले नाहीत, पण बाण कळले.

"हे काय आहे रे?" तिने विचारले.

वायरमनने कागद पाहिला. मी त्याच्या अंगाखाली होते, म्हणून मला कळले, तो एकाएकी ताठ झाला. या रक्तानेच आपली बाजू सांगावी म्हणून तो मोठ्या आशेने आला होता. त्या क्षणी त्याला स्वतःचाच संशय आला असावा. "ताई, मी खरंच..." एवढेच तो म्हणू शकला.

"कोळसा उगाळावा तितका काळाच," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तो फुटला. "घरी येऊ नकोस. कपडे दारात ठेवते तुझे." आणि ती निघून गेली. बाई हातातला मोजा न काढताच तिच्यामागे जिन्यापर्यंत धावल्या, पण ती थांबली नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. आणि फाशी देणारी बहीण काही दुष्ट नव्हती हो, हेच तर दुःख आहे.

नंतर आडोशापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. ते वायरमनला विचारत होते, "सुई घेत होतात तेव्हा ती कुणाबरोबर वाटून घेतली होती का?"

"कधीच नाही, डॉक्टर. माझा एक दोस्त आहे, दुकानांच्या पाट्या रंगवतो. पेंटरच म्हणतात त्याला. आम्ही दोघंच असायचो. मला एचआयव्ही आहे हे कळल्यापासून नियमच होता. माझ्या सुईला लाल दोरा, त्याच्या सुईला निळा. माझं त्याला लागू नये म्हणून मीच बांधायचो."

"आणि सुया धुवायचात कशात?"

"वाटीत."

"दोन वाट्या?"

"वाटी एकच होती," वायरमन म्हणाला. "पाणी एकच होतं."

"काविळीचा एक विषाणू असतो, त्याला सी म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "त्याला जायला यायला सुईच लागते असं नाही. वाटीतलं पाणी, चमचा, कापूस, काहीही चालतं. वर्षानुवर्षं तो लिव्हरमध्ये गुपचूप बसतो. मग पोटातली प्लीहा सुजते आणि रक्तातल्या पेशी तिथंच अडकून पडतात. मला तुमच्यात तोच दिसतोय, आणि खोकला ऐकून टीबीचीही शंका येतेय. एचआयव्ही आहेच. हे तिघं एकत्र आले की रक्त असं आटतं. ही तपासणी तुमची आधीच व्हायला हवी होती. ती राहून गेली."

"म्हणजे पेंटरलाही असेल?"

"असू शकतं. त्याला पाठवा."

"आणि ताईला सांगाल तुम्ही? की मी घेतलेलं नाही म्हणून? माझं सगळं सांगा तिला, माझी काही हरकत नाही."

"उद्या तिला घेऊन या. मी समजावतो."

वायरमन पुन्हा माझ्यावर येऊन बसला. आणखी नळ्या भरल्या. छातीचा फोटो काढायचा होता, थुंकी द्यायची होती, तेही तो निमूटपणे करून आला. जाताना दारात थांबून बाईंना म्हणाला, "दोरे बांधत बसलो, बाई. वाटीचं डोक्यातच आलं नाही." दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आणि त्यानंतरही आला नाही.

तपासण्यांचे निकाल आले. डॉक्टरांची शंका खरी होती, काविळीचा विषाणूही होता आणि टीबीही. कागद तयार, औषधे तयार, आणि औषधे घेणारा माणूस बेपत्ता. बाई ताईला फोन करत राहिल्या. ताई उचलून ठेवून देई. शेवटी एकदा बाईंनी घाईघाईने सांगून टाकले, "तुमचा भाऊ नशेनं नाही, आजारानं खंगलाय. येऊन डॉक्टरांशी बोला तरी." तेव्हा ती आली.

आडोशापलीकडे डॉक्टरांनी तिला सगळे समजावून सांगितले. मग तिने विचारले, "म्हणजे त्यानं सुई घेतली नव्हती?"

"ते या रक्तातून कळणारच नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "हा कागद फक्त पेशी मोजतो. सुई घेतली की नाही, हे त्यालाच विचारायचं होतं."

"विचारलं होतं," ताई म्हणाली. "त्यानं सांगितलंही होतं."

मित्रांनो, माझ्यावर बसलेली शेकडो माणसे मी कळवळताना पाहिली. पण सुई न टोचता एखाद्या माणसाला इतके दुखते, हे मला तेव्हाच कळले.

ताईने भावाला शोधायला सुरुवात केली, पण तो मिळेना. मग एके दिवशी रांगेतून एक सडपातळ माणूस आत आला. नखांत रंग, डोळ्यांत पिवळेपणा. "वायरमननं पाठवलंय," तो म्हणाला. "म्हणाला, सुई नाही रे, ती वाटी होती. जा, रक्त दाखव."

बाईंच्या हातातली नळी तशीच राहिली. "तो कुठं आहे?"

"माझ्याकडंच आहे. माझं दुकान बंद असतं, मागच्या खोलीत पडून असतो. उठवत नाही त्याला."

"मग घेऊन का नाही आलास त्याला?"

पेंटरने मान खाली घातली. "म्हटलं होतं चल म्हणून. म्हणाला, ताई म्हणते तसाच आहे मी आता."

बाईंना त्याचा अर्थ लगेच कळला. मलाही कळला. दार बंद झालेला माणूस जिथे दार उघडे मिळेल तिथे जातो, आणि वायरमनला उघडे मिळालेले दार नेमके ते होते. पेंटरने दोस्ताला उपाशी ठेवले नाही, पांघरूणही दिले, आणि आपल्याजवळ जे होते तेही दिले. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून वायरमन तिकडे गेला होता, पण ती वीटही दगडाइतकीच जड निघाली. बाईंनी पेंटरचे रक्त काढले आणि त्याच्याकडून पत्ता विचारून घेतला. त्याच दुपारी त्यांनी तो ताईला कळवला.

दुसऱ्या दिवशी ताई वायरमनला धरून घेऊन आली. तो माझ्यावर बसला की कुणी नुसता सदरा ठेवला, हे मला कळेना. ताई पुन्हा माझ्या मागेच उभी राहिली, पण या वेळी तिने माझी पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"आज कुठली चालू आहे?" बाईंनी विचारले.

त्याने मनगट पुढे केले आणि मग मागे घेतले. तिथे एक ताजी खूण होती. "इथं नको, बाई," तो म्हणाला. "ही परवाचीच आहे." त्याने मान वळवली नाही, समोरच बघत म्हणाला, "ताई, मागच्या वेळी घेतली नव्हती. या वेळी घेतली."

"माझ्यामुळं," ताई म्हणाली.

"तुझ्यामुळं नाही. हात माझाच होता." बोलायला त्याला धाप लागत होती. "पण तू आता विश्वास ठेवायला आलीस, आणि माझ्याकडं विश्वास ठेवण्यासारखं काही राहिलं नाही."

ताईची बोटे माझ्या पाठीत रुतली होती. मग ती म्हणाली, "आत्ता 'घेतली' म्हणालास ना? त्यावर ठेवते."

वायरमन रडला. बाईंनी सुई खाली ठेवली आणि रांगेला थांबायला सांगितले. बाहेरून कुणीतरी ओरडले, "एवढा वेळ काय चाललंय?" बाईंनी दार लावून घेतले. बऱ्याच वेळाने तो शांत झाला, तेव्हा त्याने स्वतःच पायाच्या घोट्याजवळची एक बारीक शीर दाखवली. तिथून रक्त निघाले.

त्याच दिवशी त्याला वरच्या मजल्यावर खाट मिळाली, दुसऱ्याचे रक्त चढले आणि टीबीची औषधे सुरू झाली. काविळीच्या गोळ्या त्यानंतर द्यायच्या होत्या. पेंटरच्या रक्तातही तोच विषाणू सापडला. एचआयव्ही मात्र सापडला नाही, दोऱ्यांनी तेवढे काम केले होते. ते ऐकून वायरमन म्हणाला, "अर्धी वायरिंग तरी बरोबर केली होती म्हणायची." तो विनोद होता, पण कुणी हसले नाही. पुढे तो काही वेळा ताईबरोबर येऊन माझ्यावर बसला. कागदावरचे बाण बहुतेक खालीच असत. एकदा त्यातला एक नाहीसा झाला, तेव्हा ताईने तो कागद बाईंना उगाचच दोनदा दाखवला.

मग नवी खुर्ची आली. तिला चाके आहेत, ती मागे झुकते, आणि खरे सांगायचे तर ती माझ्यापेक्षा चांगली आहे, निदान चक्कर येणाऱ्यांसाठी तरी. मला इथे आणून ठेवले. वायरमनचे पुढे काय झाले, उरलेले बाण वर गेले की नाही, घरातला दिवा आता कोण लावते, हे मला ठाऊक नाही. रोज विचार करते, पण सामानाच्या खोलीत कुणी खबर घेऊन येत नाही.

मित्रांनो, माझे रेक्झिन फाटले आहे आणि एक पाय डुगडुगतो. तो दुरुस्त करा असे मी म्हणणार नाही. माझे मागणे निराळे आहे. तुमच्या घरातही कधी असा कुणी असेल, ज्याने दोनदा शब्द मोडला आहे. तो तिसऱ्यांदा काही सांगू लागला, तर यंत्रातून कागद यायची वाट बघू नका. माणूस खरे बोलतो की खोटे, हे मोजायची नळी बाईंच्या रॅकवर कधीच नव्हती. त्याला जवळ बसवा, विचारा, आणि तो सांगेपर्यंत तुम्हीही तिथेच बसून राहा. खोटे निघाले तर निघाले, पुन्हा विचारता येते. ताईने हे सगळे केले, पण दार लावून घेतल्यानंतर केले. तुम्ही ते आधी करा.